मोक्षगुंडम हे वडिलांचे नाव नव्हे

एका वाचकांनी विचारले आहे की, अभियंता दिनाच्या फलकावर ‘मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या’ असे लिहिलेले असते, त्यातले ‘मोक्षगुंडम’ म्हणजे काय. ते वडिलांचे नाव, पदवी की आडनाव? आडनाव असल्यास त्याचा अर्थ कोणता, आणि त्या आडनावाची माणसे किती व कोठे आहेत?

ते आडनाव आहे, तेलुगू आहे आणि दुर्मीळ आहे. उत्तर खरे तर येथेच संपते. परंतु दर सप्टेंबरात जे कानांवर पडते त्यामुळे अधिक लिहिणे भाग आहे. मागे एका समारंभात सूत्रसंचालकांनी ‘मोक्षगुंडमजींनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले’ असे तीन वेळा म्हटले. त्यांना दुरुस्त करायला उठलेल्या अध्यक्षांनी ‘मोक्षगुंडम हे वडिलांचे नाव, आडनाव विश्वेश्वरय्या’ असे सांगून एका चुकीच्या दोन केल्या. दरवाजे १९०३ सालचे, ते बरोबर होते. वडिलांचे नाव मात्र श्रीनिवास शास्त्री होते.

चुकीचे मूळ आपल्या सवयीत आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम अंगवळणी पडल्यामुळे शेवटी येईल ते आडनाव असे आपण डोळे मिटून धरतो. तमिळ माणसाचे आद्याक्षर बहुधा वडिलांच्या नावाचे असते, हे कोणी तरी कधी तरी ऐकलेले असते, आणि मग ‘दक्षिणेकडे असेच असते’ या एका वाक्यात चार भाषांची गाठोडी एकत्र बांधली जातात. तेलुगूत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर. ‘एम. विश्वेश्वरय्या’मधला ‘एम’ घराण्याचा आहे, तसाच ‘एस. राधाकृष्णन’मधला ‘एस’ही. सर्वपल्ली हे नेल्लोर जिल्ह्यातले गाव. राधाकृष्णन यांचा जन्म तिरुत्तणीचा, पण घराण्याने गावाचे नाव सोडले नाही. म्हणजे ५ सप्टेंबरला शिक्षक दिन आणि १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करताना आपण दहा दिवसांच्या अंतराने दोन तेलुगू गावांचे नाव घेतो, आणि ती गावे आहेत याचा आपल्याला पत्ताही नसतो.

आडनावाला तेलुगूत ‘इंटि पेरु’ म्हणतात. ‘इल्लु’ म्हणजे घर, ‘पेरु’ म्हणजे नाव. पुढे दुसरे नाम आले की ‘इल्लु’चे ‘इंटि’ होते. मराठीत ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’ होते, पण त्याला पुढे ‘चे’ लावल्याशिवाय भागत नाही. तेलुगूत सामान्यरूप एकटेच षष्ठीचे काम करते, आणि आडनावांचा मोठा भाग याच एका सोयीवर उभा आहे. तंगुटूरु गावाचे ‘तंगुटूरि’, कंदुकूरु गावाचे ‘कंदुकूरि’. ‘तंगुटूरि प्रकाशम’ म्हणजे शब्दशः तंगुटूरचा प्रकाशम. आपण ‘कर’ लावून जे साधतो ते त्यांनी एका इकारात साधले आहे. हे प्रकाशम पंतुलू १९५३ साली आंध्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि पुढे १९७२ साली त्यांच्या स्मरणार्थ जिल्ह्याला नाव दिले गेले ते ‘प्रकाशम’. तेलुगू मनाला माणसाचे खरे नाव कोणते वाटते, याचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही. ‘अम’ने संपणाऱ्या नामांचे सामान्यरूप ‘अपु’ होते, जसे गन्नवरमचे गन्नवरपु. त्या न्यायाने आपले आडनाव ‘मोक्षगुंडपु’ व्हायला हवे होते. ते तसे झाले नाही, गावाचे नाव जसेच्या तसे राहिले. अशीही पुष्कळ घराणी आहेत, आणि याला नियम शोधत बसण्यात अर्थ नाही.

मोक्षगुंडम हे गाव आंध्रातल्या नल्लमला डोंगरांच्या पूर्वेला, बेस्तवारिपेट आणि गिद्दलूरच्या मुलखात आहे. जुन्या लिखाणात ते कर्नूल जिल्ह्यात आणि नंतरच्या लिखाणात प्रकाशम जिल्ह्यात सांगितलेले आढळते, आणि त्यावरून दोन निरनिराळी गावे कल्पून भांडणारेही आढळतात. गाव एकच आहे. १९७० साली ओंगोलचा नवा जिल्हा झाला, तेव्हा गिद्दलूरचा तालुका कर्नूलमधून काढून त्यात घातला गेला, आणि त्याच जिल्ह्याचे दोन वर्षांनी ‘प्रकाशम’ असे नामांतर झाले.

आता ‘गुंडम’कडे वळतो, कारण माझा जीव खरा त्यात आहे. बल्लारशाहून काझीपेटकडे जाणाऱ्या गाडीत मंचेरियाल सोडल्यावर गोदावरीचा पूल लागतो आणि त्यानंतर थोड्याच वेळात रामगुंडम स्थानक येते. एकदा समोरच्या बाकावर नाशिकचे एक आजोबा बसले होते. पिवळ्या फलकावरची काळी देवनागरी अक्षरे त्यांनी जुळवून वाचली आणि विचारले, ‘काय हो, हे गुंडांचे गाव की काय?’ मी म्हटले, ‘आजोबा, तुमच्या गावात लोक रोज ज्यात बुडी मारतात, ते रामकुंडच हे.’ त्यांनी खिडकीतून पुन्हा एकदा फलकाकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला. एकच नदी, एकच देव आणि एकच शब्द; नाशिकला त्याचे ‘कुंड’ आहे आणि खाली तेलंगणात उतरेपर्यंत त्याचे ‘गुंडम’ झालेले आहे. रामगुंडमच्या डोंगरावर खडकात पाण्याचे नैसर्गिक खळगे आहेत, त्यांना तिकडे ‘रामुनि गुंडालु’, म्हणजे रामाची कुंडे, असेच म्हणतात.

तेव्हा ‘मोक्षगुंडम’ म्हणजे मोक्षाचे कुंड, ज्यात स्नान केले असता मोक्ष मिळतो अशी श्रद्धा असलेले तीर्थ. ‘मोक्ष देणारा’ हा अर्थ समारंभांतून सांगितला जातो, तो सांगणाऱ्यांनी शब्दाचा उत्तरार्ध वाचलेलाच नसतो. तेलुगूत ‘गुंडम’ हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. देवाच्या उत्सवात निखाऱ्यांवरून चालतात ते ‘अग्निगुंडम’, नदीतला भोवरा तो ‘सुडिगुंडम’, आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला की तेलुगू वृत्तवाहिन्यांवर जो शब्द दिवसभर धावतो तो ‘वायुगुंडम’. हवेचे कुंड! हवामानशास्त्राला इतका नेमका शब्द कोणत्याही समितीने घडवून दिला नसता.

‘क’चा ‘ग’ कसा झाला, यावर कोशकार मंडळी ‘कुंडचे तद्भव’ एवढे लिहून मोकळी होतात. तद्भव हे उत्तर नव्हे, ती खुंटी आहे. तिच्यावर शब्द टांगला की विचार करावा लागत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा ‘ग’ समासात जन्मला. तेलुगूत दोन शब्द जुळताना दुसऱ्याच्या आरंभीचे कठोर व्यंजन मऊ होते. ‘कूर’ आणि ‘कायलु’ मिळून भाजीपाल्याला ‘कूरगायलु’ म्हणतात, ‘तल्लि’ आणि ‘तंड्रुलु’ मिळून आईवडिलांना ‘तल्लिदंड्रुलु’, आणि ‘अन्न’ व ‘तम्मुलु’ मिळून भावाभावांना ‘अन्नदम्मुलु’. याला तेथील व्याकरणात ‘गसडदवादेश’ असे जिभेला व्यायाम देणारे नाव आहे, कारण क, च, ट, त, प यांच्या जागी ग, स, ड, द, व येतात. ‘कुंड’ हा शब्द एकटा फारसा येत नाही. तो रामाचा, अग्नीचा, भोवऱ्याचा असा कोणाचा तरी असतो. शेकडो समासांत ‘ग’ ऐकत आलेल्या जिभेने पुढे तो सुटा उच्चारतानाही ‘ग’ ठेवला, यात मला काहीच नवल वाटत नाही.

यावर एका तेलुगू व्याकरणप्रेमी स्नेह्यांनी मला खिंडीत गाठले होते. एकोणिसाव्या शतकात परवस्तु चिन्नय सूरी यांनी जी सूत्रे बांधून दिली, त्यांत संस्कृत शब्दांच्या कठोर व्यंजनांना हा आदेश होत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. ‘वाडु कंसारि’, म्हणजे ‘तो कंसाचा शत्रू’, असेच राहते, त्याचे ‘गंसारि’ होत नाही. मग ‘कुंड’चे ‘गुंड’ कसे झाले, असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. आदेश झाला, याचा अर्थ बोलणाऱ्यांना हा शब्द संस्कृत वाटतच नव्हता. आणि तो न वाटायला कारणही आहे. तळ्याला तेलुगूत ‘कुंट’ म्हणतात आणि खड्ड्याला ‘गुंट’. ही जोडी अस्सल घरची आहे. बरो आणि इमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी आपल्या कोशात द्राविडी भाषांचे शब्द कुळांनुसार लावताना ‘गुंडमु’ याच कुळात बसवला आहे, आणि संस्कृत ‘कुंड’च द्राविडीतून उचललेला असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. मीही त्याच पंगतीत बसतो. ज्यांना प्रत्येक शब्द संस्कृतातून खाली उतरलेला हवा असतो, त्यांनी गोदावरी मात्र दोन्ही तीरांनी वाहते हे ध्यानात ठेवावे.

‘गुंडम’ हा ‘गुंडु’पासून, म्हणजे गोल धोंड्यापासून आला, असेही एक मत मोठ्या ऐटीत मांडले जाते, मराठीत ‘गुंडा’ म्हणजे गोटा असल्यामुळे आपल्याकडे ते पटकन पटते. पण ‘गुंडु’चे अनेकवचन ‘गुंड्लु’ होते आणि ‘गुंडम’चे ‘गुंडालु’. ज्याला हा भेद ऐकू येत नाही त्याने तेलुगू ग्रामनामांना हात लावू नये. जमीन मोजण्याच्या ‘गुंठ्या’शीही याचा संबंध नाही, तेव्हा गुंठेवारीवाल्यांनीही घाई करू नये.

मूळ प्रश्न माणसांचा होता. विश्वेश्वरय्यांचे घराणे मुलुकनाडू या तेलुगू ब्राह्मण शाखेचे. संगीतातले त्यागराज याच शाखेचे, त्यांचे इंटि पेरु ‘काकर्ला’, आणि ते गावही याच मुलखातले. एक घराणे तंजावर राज्यात कावेरीकाठी गेले, दुसरे म्हैसूर संस्थानात आजच्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या मुद्देनहळ्ळीला. दोघांनीही गावाचे नाव आणि घरातली तेलुगू जपली. येथे काही मराठी अभिमानी ‘मुलुक’ म्हणजे पैठणभोवतालचा प्राचीन ‘मुलक’ देश असे जाहीर करतात आणि विश्वेश्वरय्यांना पैठणचे नागरिकत्व देऊन टाकतात. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या देशांच्या यादीत ‘मुलक’ आहे, हे खरे. परंतु तो लेख दुसऱ्या शतकातला, आणि त्यानंतरची हजार वर्षे केवळ नादसाम्याच्या दोरीवरून चालत ओलांडता येत नाहीत. विश्वेश्वरय्यांचे महाराष्ट्राशी नाते सिद्ध करायला एवढा खटाटोप कशाला? ते पुण्यात अभियांत्रिकी शिकले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि पुढची सुमारे २४ वर्षे त्या नोकरीत राहिले, एवढे पुरे आहे.

गावावरून पडलेल्या आडनावाची एक गंमत अशी की ते मूळ गावात सापडत नाही. पुण्यात राहणाऱ्याला कोणी पुणेकर म्हणत नाही. पुणे सोडून नगरला गेला की तो पुणेकर होतो. मोक्षगुंडममध्ये सगळेच मोक्षगुंडमचे, तेव्हा हे नाव गाव सोडणाऱ्यांनाच चिकटले आणि त्यांच्याबरोबर बाहेर गेले. मूळ गाव लहान, त्यातून बाहेर पडलेली घराणी मोजकी, म्हणून आडनावही विरळ. त्यामुळे गाव आंध्रात, शब्द तेलुगू आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध घराणे कर्नाटकात, अशी त्याची वाटणी झाली आहे. विश्वेश्वरय्या कोणाचे, हा तेलुगू आणि कन्नड अभिमान्यांतला वाद तेथूनच निघतो. शिवाय गावावरून आलेले इंटि पेरु एकाच जातीचे असेल असे नाही. एकाच गावातून निघालेली निरनिराळ्या जातींची घराणी तेच नाव लावू शकतात, म्हणून केवळ आडनाव सारखे दिसले की भाऊबंदकी जोडू नये.

किती माणसे, याचा आकडा मागणाऱ्यांना माझे सांगणे आहे की आधी मोजणी कशी होते ते पाहावे. भारताच्या जनगणनेत आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. संकेतस्थळांवर जे आकडे मिळतात, ते नावातले शेवटचे पद आडनाव धरून काढलेले असतात, आणि तेलुगू माणसाचे आडनाव तर पहिल्या आद्याक्षरात दडून बसलेले असते. पारपत्राच्या अर्जात ‘आडनाव’ या रकान्यापाशी तेलुगू माणूस अडखळतो. कोणी तेथे इंटि पेरु लिहितो, कोणी ‘राव’ किंवा ‘कुमार’ लिहून सुटतो. हे ‘राव’ आडनाव नव्हे, आपल्या ‘माधवराव’मधलेच शेपूट आहे. पण परदेशात गेल्यावर तेच कुटुंबाचे नाव होते आणि गावाचे नाव आद्याक्षरात आक्रसते. त्यामुळे अशा याद्यांत ‘राव’ फुगलेले दिसतात, आणि मोक्षगुंडमसारखी आधीच विरळ असलेली आडनावे आहेत त्याहूनही विरळ भासतात.

राहिला फलक. त्यावर ‘मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या’ हाच क्रम ठेवावा, उलटा करू नये, आणि जागा कमी असेल तर ‘मो. विश्वेश्वरय्या’ लिहावे. भाषणात ‘विश्वेश्वरय्या’ म्हणावे. ग्रंथालयाच्या अकारविल्हे सूचीत ते ‘व’खाली लावावेत, ‘म’खाली शोधणाऱ्यांसाठी एक चिठ्ठी तेथे ठेवली तरी चालेल.