जिप्सम बोर्डाची कड सरळ कशी येईल?

प्रश्न : हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घालतो आहे. करवतीने कापलं की कडेचा कागद फाटतो, घरभर पांढरी धूळ होते. काय करू? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, सरळ कापाला करवत हवीच कशाला? साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड कापायचा नसतो, मोडायचा असतो. दर्शनी बाजू वर ठेवा, लोखंडी पट्टी घट्ट दाबून कटर ओढा. वरचा कागद आणि आतला थोडा जिप्सम चिरला की पुरे. मग ती रेघ टेबलाच्या काठावर आणून खाली झटका द्या. बोर्ड खारीसारखा कट्कन मोडतो. मागचा कागद मात्र ओढून फाडू नका, घडीतून कटरनेच कापा. पात्याचं टोक बोथट झालं की तोडून टाका. त्यात काटकसर कसली? कागद फाटतो तो बहुधा बोथट पात्यानेच. स्विचबोर्डाच्या खाचेला टोकदार छोटी करवत लागेल. तेव्हा मास्क लावा.

आणि हो, कूलरच्या खिडकीलगत साधा बोर्ड नकोच. आपल्याकडे कूलर उन्हाळाभर चालतो, बोर्ड ओल धरून फुगतो. तिथे ओल सोसणारा हिरवा बोर्ड घ्या. थेट शिंतोडे मात्र त्यालाही चालत नाहीत.