रोमकरांस पत्र पौलाचं, मग त्यात 'लिहिणारा मी तर्तियुस' कसं?

तुमचा प्रश्न असा: बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत ख्रिस्ताचा प्रेषित पौल याचं नाव आहे, मग १६व्या अध्यायाच्या २२व्या वचनात 'हे पत्र लिहिणारा मी तर्तियुस' म्हणून कोणीतरी सलाम सांगतो तो कोण? मीही तिथे अडखळलो होतो.

पत्र पौलाचंच. तर्तियुस त्याचा लेखनिक. इ.स. ५५ ते ५८च्या दरम्यान, बहुधा ग्रीसमधल्या करिंथात, पौल सांगत गेला आणि हा उतरवून घेत गेला.

घोळ होतो तो 'लेखक' या शब्दाच्या आजच्या अर्थामुळे. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी आठवा. शके १२१२ मध्ये टीका केली ज्ञानेश्वरांनी, आणि 'सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला'. म्हणून ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांची, असं कोणी म्हणत नाही. तर्तियुस त्याच अर्थाने लेखकु. फरक एवढाच, की तो मध्येच स्वतः 'मी' म्हणून बोलतो. सलाम 'प्रभूमध्ये' सांगतो, म्हणजे नुसता पगारी कारकून नसावा, मंडळीतलाच, म्हणजे ख्रिस्ती समुदायातलाच असणार.

सांगून लिहवून घेणं त्या काळी सर्रास चाले. रोममध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरोकडे टिरो नावाचा लेखनिक होता. पौल शेवटी मात्र स्वतः लेखणी घ्यायचा. गलतीकरांस लिहिताना 'बघा, किती मोठ्या अक्षरांत मी आपल्या हाताने लिहितोय' म्हणतो. फिलेमोनाला तर 'मी फेडीन' हे स्वतःच्या हाताने लिहून देतो, अगदी हातचिठ्ठीसारखं.

माझा सगळ्यात आवडता पुरावा पहिल्या करिंथकरांस पत्रात आहे, १:१४ ते १६. पौल रागात आहे. म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यापैकी कोणाचा मी बाप्तिस्मा केला नाही, देवाचे आभार! मग आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही. स्वतः विचार करून लिहिणारा माणूस आधीचं वाक्य दुरुस्त करेल. इथे बोलणाऱ्याची चूक आणि दुरुस्ती दोन्ही तशीच उतरली आहेत. लेखनिकाने खाडाखोड केली नाही, हे आपलं नशीब.

पण लेखनिक ही सगळ्या कुलपांची किल्ली नव्हे. पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत. त्यातली ७ निर्विवाद त्याची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तीमथ्याला दोन आणि तीताला एक, या तीन पत्रांची शब्दसंपदा इतकी वेगळी आहे की ती नंतर कोणीतरी त्याच्या नावाने लिहिली असावीत, असं मत प्रबळ आहे. 'लेखनिक वेगळा होता' हे उत्तर दिलं जातं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. भाषेबरोबर मंडळीची व्यवस्थाही तिथे पुढे गेलेली दिसते. इब्री लोकांस पत्रात तर लिहिणाऱ्याचं नावच नाही. ते पौलाचं समजणं ही नंतरची परंपरा.

जाता जाता: लॅटिनमध्ये तर्तियुस म्हणजे 'तिसरा', आणि पुढच्याच वचनात सलाम सांगणारा क्वर्त म्हणजे 'चौथा'. हे दोघे सख्खे भाऊ, असा गमतीदार तर्क काही जण करतात. पुरावा शून्य, पण मला तो सोडवत नाही.