बोट हनुवटीपाशी थांबायचं

"टॅपिंगने भीती जाते का हो मॅडम?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मोबाइलवर कोणीतरी भुवईवर, डोळ्याखाली बोटांनी टोकताना दिसतं, वीस वर्षांची भीती पाच मिनिटांत गेल्याचं सांगतं, की लगेच फोन. त्यातही ज्यांचं शरीर बदललंय ते जास्त विचारतात. कोणाला कोड आलंय, कोणाचे केस गेलेत, कोणाचं ऑपरेशन झालंय. मी त्यांना 'हो' म्हणत नाही आणि 'थोतांड आहे' असंही म्हणत नाही. एका भाऊंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

भाऊ इतवारीत साडीच्या दुकानात सेल्समन. बावीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडल्या आणि बावीस वर्षं खर्रा खाल्ला. नागपूरकरांना खर्रा काय ते सांगायला नको. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून घेतला की दिवस निघतो. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं तरी भाऊ "दाढेचं असंन" म्हणत राहिले. शेवटी कॅन्सर निघाला, डाव्या बाजूचा जबडा काढावा लागला, छातीवरचं मांस आणि कातडी गालाला लावली आणि वर तीस वेळा रेडिएशन.

माझ्याकडे आले ते चौदा महिन्यांनी. आले म्हणजे वहिनींनी ओढत आणलं. मे महिना, धंतोलीतली माझी खोली, कूलर सुरू, आणि भाऊंच्या तोंडावर दुपट्टा घट्ट बांधलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड बांधलेला माणूस कोणाला खटकत नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. पण दुपट्टा घरातही सुटत नव्हता. झोपायच्या खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. दुकानात त्यांनी स्वतःच मालकाला सांगून मागच्या गोदामात जागा मागून घेतली होती.

मला वाटलं, ऑपरेशननंतरचं दुःख आहे. दुसऱ्या भेटीत कळलं की भीती त्याहून जुनी होती. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत चेहरा विद्रूप झालेले एक म्हातारे राहायचे. मारबतीच्या मिरवणुकीत जे बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात, त्यावरून पोरं त्यांना 'बडग्या' म्हणायची, आणि ते दिसले की पळत सुटायची. "त्या पोट्ट्यायत मी सगळ्यात पुढं होतो जी म्याडम," भाऊ म्हणाले. मग बराच वेळ कूलरकडे पाहत राहिले. "आता तेच थोबाड माह्यं झालं."

पुढच्या वेळी टॅपिंग सुरू केलं. पद्धत सोपी आहे. भीती शून्य ते दहात किती, ते आधी सांगायचं. भाऊंनी आरशाची भीती नऊ सांगितली. मग तळहाताच्या कडेवर टोकत एक वाक्य म्हणायचं: "मला ही भीती वाटते, तरीही मी स्वतःला मनापासून, पूर्णपणे स्वीकारतो." मूळ इंग्रजी वाक्याचं हे आमच्याकडे चालणारं मराठी. भाऊ अर्ध्यातच थांबले. "हे म्हटलं तं खोटं बोलून राह्यलो असं वाटते." खरंच होतं ते. मी शिबिरात शिकून आले तेव्हा पहिलं वर्षभर हे वाक्य सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. आता आठवलं की ओशाळायला होतं. म्हटलं, तुम्हाला जमेल तेवढंच म्हणा. ते म्हणाले, "हे थोबाड मले आवडत नाही. पण आज यालेच घेऊन बसलो हाओ." तेच वाक्य ठेवलं.

मग भुवईचं आतलं टोक, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, डोळ्याखालचं हाड, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, काखेखाली, टाळू. उजव्या हाताचं बोट नाकाखालून निघायचं आणि सरळ गळ्याखाली जायचं. हनुवटी दर वेळी गाळली जायची. विचारलं तेव्हा कळलं, चौदा महिन्यांत त्यांनी त्या भागाला स्वतः हात लावलेलाच नव्हता. अंघोळीनंतर टॉवेल टेकवायचे, दाढी करायला न्हावी घरी यायचा. जबड्याबरोबर खालच्या ओठाची-हनुवटीची नस गेलेली, त्यामुळे तिथे सगळं सुन्न.

त्यांच्या सर्जनना विचारून घेतलं होतं. रेडिएशन झालेल्या कातडीवर टोकायचं नाही, हलका स्पर्श चालेल, असं ते म्हणाले. मग हनुवटी आली की टोकण्याऐवजी बोट नुसतं ठेवायचं ठरलं. तीन भेटी ते बोट हवेतच थांबलं. चौथ्या भेटीत टेकलं.

"बोटाले गाल समजते, गालाले बोट नाही समजत," ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने, "गरम हाये जी! मले वाटलं, मेलं असंन ते." आणि रडले. वहिनी बाहेर बाकावर होत्या, त्या दारापर्यंत आल्या आणि परत फिरल्या.

आता त्या प्रश्नाकडे येते. 1980 च्या दशकात रॉजर कॅलाहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने टोकण्याची पद्धत काढली, पुढे गॅरी क्रेग या इंजिनिअरने ती 1990 च्या दशकात सोपी केली. शरीरातल्या ऊर्जेचे मार्ग मोकळे होतात, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. 2003 मध्ये कॅनडात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना ठरलेल्या बिंदूंवर टोकायला लावलं, काहींना भलत्याच जागी, आणि काहींना चक्क बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती जवळपास सारखीच उतरली. म्हणजे जादू बिंदूत नाही. भीतीचं नाव मोठ्याने घ्यायचं, ती अंगात कुठे बसलीय ते पाहायचं, पळून न जाता हात चालू ठेवायचा, यातच काय ते घडत असावं. भाऊंच्या बाबतीत तर टोकणं हे एक निमित्त होतं. त्याच्या आडून बोट जिथे जात नव्हतं तिथे गेलं.

बाकीचं काम साधंच, आणि तेच वेळखाऊ. आधी आरसा सरळ केला. मग वहिनींसमोर दुपट्टा सोडून चहा, मग गोदामातून दुकानात दिवसाला अर्धा तास. जबड्याचा व्यायाम आणि तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, ही माझी अट होती. तोंडात नवी जखम किंवा गाठ वाटली तर आधी डॉक्टर. तिथे टोकत बसणाऱ्या माणसावर मी चिडते. आरशाची भीती नवावरून चारवर आली आणि चारवरच अडली आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, संध्याकाळी भाऊंचा फोन आला. मिरवणूक पाहायला दुकानाच्या पायरीवर उभे होते, तोंड न बांधता. एक पोट्टं टक लावून पाहत राहिलं म्हणे.

"मग?"

"मग म्याबी पाह्यलं त्याच्याकडं. तेवढ्यात बडग्या आला, तं ते तिकडं पयालं."