मुलगा जास्त हुशार म्हणून वर्गात कंटाळतो, की त्याला एडीएचडी आहे? कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, पाढे एका दमात म्हणतो, पण वही कधीच पूर्ण नसते. बाई म्हणतात एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं जड जाण्याची, मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण), आजोबा म्हणतात पोर हुशार म्हणून कंटाळतं. आमच्या घरात हाच वाद दोन वर्षं चालला. मी गोव्यात डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. अशी मुलं वर्गात पाहिलेली, तरी स्वतःच्या मुलाचं मला ओळखता आलं नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची, रानातली फळं-पानं बांधलेली चौकट) बांधायला सगळे जमतात. तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा. आजोबांबरोबर रान फिरून आलेला, कुठलं फळ कुठल्या वाटेवर मिळालं ते तोंडपाठ, वर मोठ्यांच्या चुका काढणार. पण "पडवीतले केवणीचे दोर आण रे" म्हणून पाठवला, तर पंधरा मिनिटांनी रिकाम्या हाताने परत, आणि विहिरीवरच्या बेडकाची गोष्ट सुरू. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. माटोळीवर त्याचा जीव, म्हणजे कंटाळा म्हणायचीही सोय नव्हती. शाळेच्या तक्रारींपेक्षा त्या दोरांनी मला जास्त विचारात पाडलं.

नुसत्या कंटाळलेल्या मुलाला अवघड गणित दिलं की ते बहुधा ताळ्यावर येतं. माझा मुलगा अवघड गणितात रमायचा आणि तिसऱ्या पायरीला हातचा विसरायचा. "मोबाईलवर दोन तास बसतो, मग एडीएचडी कसली?" हे मात्र मनातून काढून टाका. आवडीच्या गोष्टीत ही मुलंही बुडून जातात. लक्ष हवं तेव्हा हवं तिकडे वळवणं, तिथे घोडं अडतं.

डॉक्टर साधारण असं बघतात: लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर, शाळा, शिकवणी यांपैकी दोन तरी ठिकाणी त्रास देणारी. फक्त एकाच बाईंच्या तासाला गोंधळ होत असेल तर आधी तो तास बघा. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये एडीएचडी दिसत नाही. बुद्ध्यांक जास्त निघाला म्हणूनही ती नाही असं ठरत नाही. गोळीने लक्ष सुधारलं हाही पुरावा नव्हे, कारण एडीएचडी नसलेल्यांचंही सुधारू शकतं.

आणि दोन्ही एकाच मुलात असू शकतं. ही मुलं सर्वांत जास्त निसटतात: हुशारी त्रास झाकते, त्रास हुशारी झाकतो, आणि प्रगतिपुस्तकात मूल 'ठीकठाक'. गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलींचं तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आम्ही आधी एका खाजगी दवाखान्यात गेलो. दहा मिनिटांत निकाल हातात! तसं करू नका. कान, डोळे, झोप आधी तपासून घ्या. मग बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवा, किंवा मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथकडे चौकशी करा. ही संस्था १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झाली. जाताना जुन्या वह्या न्या आणि बाईंकडून चार ओळी लिहून घ्या.

आमच्याकडे शेवटी दोन्ही निघालं. यंदा चवथीला पाठवताना मी त्याच्या तळहातावर पेनाने 'दोर' लिहिलं. दोर आले. कोयताही आण म्हणून तोंडी सांगितलं होतं, तो पडवीतच राहिला.