सोंड्या भुंग्याचा सापळा लावूनही माडाला भुंगा का लागतो?

प्रश्न : श्रीवर्धन तालुक्यातील एका बागायतदारांनी विचारले आहे की, त्यांच्या बारा गुंठ्यांच्या वाडीत माडाचे खोड आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यासाठी कामगंध सापळा (भुंग्याच्या गंधाची कृत्रिम वडी ठेवलेली बादली) एका माडाच्या खोडाला टांगला असता बादलीत भुंगे तर सापडले, पण पुढे त्याच माडाला आणि शेजारच्या माडालाही भुंगा लागला, तेव्हा सापळा काढून टाकावा काय?

उत्तर : सापळा काढू नये, त्याची जागा बदलावी. आपल्या वाडीत जे घडले ते भुंग्याच्या स्वभावाला धरूनच घडले आहे, म्हणून आधी तो स्वभाव समजून घ्यावा.

या सापळ्याला आपण सरसकट कामगंध सापळा म्हणतो, पण ते नाव इथे नीट लागू पडत नाही. मादीच्या कामगंधाकडे फक्त नर येतात. सोंड्या भुंग्यात मात्र गंध नर सोडतो आणि त्या गंधाकडे नर व मादी दोघेही येतात. जखमी माडाच्या आंबूस वासावर एखादा नर येऊन खाऊ लागला की त्याच्या गंधाने आसपासचे भुंगे त्याच माडाकडे वळतात. त्यामुळेच एका वाडीत एक माड पोखरून निघतो आणि चार हातांवरचा दुसरा सुरक्षित राहतो. बादलीतील वडी म्हणजे त्या नराच्या हाकेची नक्कल आहे. ती हाक ऐकून आलेला प्रत्येक भुंगा बादलीत शिरतोच असे नाही. जे शिरत नाहीत ते जवळच्या माडावर बसतात. निसर्ग चक्रीवादळानंतर (जून 2020) लावलेल्या नव्या माडांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण साधारण 5 ते 20 वर्षे वयाच्या माडांनाच ही कीड सर्वाधिक लागते.

म्हणून सापळा माडाच्या खोडाला कधीही बांधू नये. वाडीच्या कडेला, लहान माडांपासून दूर, खांबावर किंवा अन्य झाडावर साधारण कमरेच्या उंचीवर, सावलीत टांगावा. शिफारस हेक्टरी एका सापळ्याची आहे. आपल्याकडील वाड्या दहा-वीस गुंठ्यांच्या असल्याने प्रत्येकाने स्वतंत्र बादली टांगणे म्हणजे सगळ्या परिसरातले भुंगे घरोघरी बोलावणे होय. शेजारच्या पाच-सात वाड्यांनी मिळून एक सापळा लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे, म्हणजे भुंग्याला चढायला पकड मिळते. आत ऊस किंवा माडाच्या कोवळ्या देठाचे तुकडे पाण्यात आंबत ठेवावेत, कारण खाद्याच्या वासाची जोड नसेल तर नुसत्या वडीला भुंगे कमी येतात. हे पाणी आठवड्याने बदलावे.

पाणी बदलताना सापडलेले भुंगे हातात घेऊन पाहावेत. सोंडेच्या वरच्या बाजूला टोकाकडे आखूड केसांचा झुबका असेल तर तो नर; सोंड लांब, बारीक आणि गुळगुळीत असेल तर ती मादी. बादलीत बहुधा माद्याच जास्त आढळतात. एक मादी दोनशेहून अधिक अंडी घालू शकते, त्यामुळे मादी पकडली गेली की पुढची पिढीच अडते.

मुळात पहिला नर येऊच नये यासाठी माडाला जखम होऊ देऊ नये. झावळी तोडताना खोडाकडे सुमारे 120 सेंटीमीटर देठ राखावा, चढण्यासाठी खोडावर खाचा पाडू नयेत, आणि जखम झालीच तर त्याच दिवशी तिच्यावर बोर्डो मलम (मोरचूद व चुन्याचा लेप) किंवा डांबर लावावे. गेंड्या भुंग्याने गाभ्यात पाडलेली भोकेही सोंड्याला आयती वाट देतात. त्यासाठी शेणखताचे खड्डे वेळोवेळी उपसून त्यात वाढणाऱ्या गेंड्याच्या अळ्या वेचाव्यात आणि खतात त्या अळ्यांना मारणारी मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी. गेंड्या भुंग्याची वडी वेगळी असते, सोंड्याची वडी त्याला चालत नाही.

शेवटी आपल्या त्या दोन माडांविषयी. खोडाला कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येत असेल, भोकातून तपकिरी चिकट द्रव व चघळलेला चोथा बाहेर पडत असेल, पण शेंडा अजून ताठ असेल, तर माड वाचवता येण्यासारखा आहे; सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) त्वरित बोलावून उपचार करून घ्यावा. शेंडा कोलमडला असेल तर मात्र तो माड पावसाळ्यानंतर पाहू म्हणून उभा ठेवू नये. आतले नर गंध सोडतच राहतात आणि त्यापुढे बादलीतल्या वडीचा निभाव लागत नाही. असा माड तोडून, खोड उभे चिरून, आतील अळ्या, कोष व भुंग्यांसह जाळावा.