बालकल्याणाचं आंतरराष्ट्रीय काम: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, एसओएस चिल्ड्रन्स व्हिलेजेस यांसारख्या संस्थांतल्या नोकऱ्या आणि सल्लागारीची कामं याबद्दल रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून बरीच पत्रं आली. सारख्या मुद्द्यांची पत्रं एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) असून सहा वर्षं एका बालगृहात समुपदेशक आहे. युनिसेफच्या बालसंरक्षणाच्या जागांसाठी बरेच अर्ज केले, पण मुलाखतीचं बोलावणं एकदाही आलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचा अनुभव तिथे धरत नाहीत का?
*– एक वाचक, चिपळूण*

धरतात. तुमचा अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडकतो आहे: चुकीच्या जागेसाठी केलेला अर्ज आणि मोघम लिहिलेला अनुभव.

आधी जागांबद्दल. युनिसेफमध्ये ‘पी’ श्रेणीच्या जागा आंतरराष्ट्रीय असतात. जगभरातले उमेदवार त्यांवर अर्ज करतात आणि नेमणूक साधारणपणे स्वतःच्या देशाबाहेर होते. ‘एनओ’ श्रेणी त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असते, म्हणजे दिल्लीच्या किंवा मुंबईच्या कार्यालयातल्या या जागांवर तुमची स्पर्धा फक्त भारतीयांशी आहे. ‘जी’ श्रेणी कार्यालयीन मदतनीसांची. एनओ-बी आणि पी-२ साठी साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, एनओ-सी आणि पी-३ साठी पाच, पी-४ साठी आठ. सहा वर्षं झाली म्हणून थेट पी-३ वर अर्ज करणारे पुष्कळ असतात. तिथे तुमच्यासमोर दोन-तीन देशांत काम केलेली माणसं उभी असतात. तुम्ही एनओ-बी आणि संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतली देशांतर्गत ‘स्पेशालिस्ट’ जागा धरा. ही दुसरी वाट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. नावात स्वयंसेवक असलं तरी दरमहा निर्वाहभत्ता मिळतो, आणि पुढच्या अर्जात हा अनुभव संयुक्त राष्ट्रांचा म्हणून धरला जातो.

आता अनुभव कसा लिहायचा ते. अर्ज चाळणारा माणूस जाहिरातीतली एकेक अट घेऊन तिचा पुरावा शोधतो. ‘मुलांचे समुपदेशन केले’ या ओळीत त्याला काहीच सापडत नाही. वर्षाला किती मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल केलेत, किती मुलांचे वैयक्तिक काळजी आराखडे बालकल्याण समितीपुढे (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) ठेवलेत, किती मुलं घरी परतली आणि त्यांतल्या किती जणांचा पाठपुरावा किती महिने केलात, हे आकड्यांत लिहा. याच कामाला त्या जाहिराती केस मॅनेजमेंट, फॅमिली रीइंटिग्रेशन, अल्टरनेटिव्ह केअर म्हणतात. जाहिरातीतला शब्द तुमच्या कामाला खरोखर लागू असेल तर तोच वापरा.

कोकणातल्या कार्यकर्त्यांकडे आणखी एक अनुभव असतो आणि तो ते लिहीतच नाहीत. जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, त्याच दिवसांतली तळियेची दरड, जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची दरड. यांपैकी कुठल्याही वेळी निवारा केंद्रात मुलांसाठी जागा चालवली असेल, हरवलेल्या किंवा आईबापांपासून ताटातूट झालेल्या मुलांच्या याद्या केल्या असतील, तर ते आपत्तीतलं बालसंरक्षण आहे आणि या क्षेत्रात त्याला मोठी किंमत आहे. त्यासाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं २०१९ मध्ये सुधारून आली. एकूण २८ आहेत आणि मोफत वाचायला मिळतात. तुमचं काम कोणत्या मानकात बसतं ते वाचून पाहा. युनिसेफच्या ‘अगोरा’ या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही मोफत आहेत, पण प्रमाणपत्रांचा ढीग जोडू नका. जागेशी जुळणारी दोन-तीन पुरेत.

अनुभवपत्रांकडे आजच लक्ष द्या. कंत्राटी नेमणुकीत पगार एका एजन्सीकडून आणि काम दुसऱ्या संस्थेत असं असतं. अर्जात संस्थेचं नाव आणि पत्रावर एजन्सीचं नाव आलं की पडताळणी तिथेच थांबते. अधीक्षकांकडून पद, तारखा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं वेगळं पत्र घ्या. अधीक्षक बदलून गेल्यावर ते मिळवणं फार कठीण होतं.

लेखनाचा नमुना मागितला तर खऱ्या मुलाचा अहवाल कधीही जोडू नका, नाव खोडूनही नको. गाव, शाळा, घटना यांवरूनही मूल ओळखू येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि असा कागद जोडणाऱ्या उमेदवाराला कुठलीही जबाबदार संस्था बाजूलाच ठेवील. मुलाखतीत ‘अशी एखादी वेळ सांगा, जेव्हा तुम्ही…’ असे प्रश्न येतात. एकच घटना घ्या: काय प्रसंग होता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं. आपली माणसं विनयाने सगळीकडे ‘आम्ही केलं’ म्हणतात आणि गुण गमावतात. जे तुम्ही केलंत तिथे ‘मी’ म्हणा.

आम्ही तिघं रायगडात कातकरी वाड्यांवर शिक्षणाचं काम करतो. कातकरी मुलांच्या शाळागळतीच्या अभ्यासासाठी एका आंतरराष्ट्रीय संस्थेला सल्लागार हवा आहे. प्रस्ताव कसा लिहायचा, पैसे किती मागायचे? आमच्या संस्थेकडे एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी नाही, ते आड येईल का?
*– वाचक, अलिबाग*

टीओआर, म्हणजे कामाचा तपशील सांगणारा कागद, आधी दोनदा वाचा. त्यात ‘वैयक्तिक सल्लागार’ म्हटलं असेल तर तिघांचा एकत्र अर्ज बाद होईल. एकाने अर्ज करावा आणि टीओआरमध्ये मुभा असेल तरच इतरांची नावं सहायक म्हणून द्यावीत. ‘संस्था’ म्हटलं असेल तर नोंदणी, पॅन आणि बहुधा मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब लागतील.

एफसीआरएचं कोडं वाटतं तितकं कठीण नाही. परदेशी संस्थेकडून अनुदान किंवा देणगी घ्यायला ती नोंदणी लागतेच. व्यवसाय म्हणून दिलेल्या सेवेचं शुल्क मात्र कायद्यात परकीय योगदान धरलेलं नाही. ते तसं कागदावर दिसलं पाहिजे: करार सेवेचा, बिल सेवेचं, रक्कम ठरलेल्या कामापोटी. करारात ‘ग्रँट’ हा शब्द असेल तर सही करण्याआधी सीएला दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरदारांना मिळणारी करसवलत सल्लागारांना नसते, त्यामुळे प्राप्तिकर तुम्हालाच भरायचा आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही आली.

आता पैशांकडे. पुष्कळ ठिकाणी तांत्रिक प्रस्तावाला ७० आणि आर्थिक प्रस्तावाला ३० गुण असतात. सर्वांत कमी रक्कम मागणाऱ्याला पूर्ण ३० मिळतात, बाकीच्यांना त्या प्रमाणात. समजा कमीत कमी मागणी ४ लाखांची आहे आणि तुमची ५ लाखांची, तर तुम्हाला ३० गुणिले ४ भागिले ५, म्हणजे २४ गुण. फरक सहाच गुणांचा. कातकरी वाड्यांवरचा तुमचा वर्षानुवर्षांचा वावर तांत्रिक भागात नीट मांडलात तर हा फरक सहज भरून निघतो. भीतीपोटी रक्कम निम्म्यावर आणू नका. तसे प्रस्ताव काम अर्धवट सोडून संपतात आणि त्याची झळ अभ्यासातल्या मुलांना बसते.

रोजचा दर ठरवताना फक्त वाडीवरचे दिवस मोजू नका. आराखडा, प्रश्नावलीची चाचणी, मुलाखती उतरवून काढणं (एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास जातात), कातकरी बोलीतून मराठीत आणि तिथून इंग्रजीत भाषांतर, आणि अहवालावर सूचना आल्यानंतरच्या दुरुस्त्या, हे सगळं त्यात आलं पाहिजे. दुरुस्त्यांचे दिवस बहुतेक जण विसरतात. किती वेळा दुरुस्ती करून देणार, तेही प्रस्तावात लिहा. प्रवास, आरोग्य विमा, सहायकांचं मानधन वेगळ्या ओळींत दाखवा. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. आराखडा मंजूर झाला की एक हप्ता, मसुदा मंजूर झाला की दुसरा, असे येतात, म्हणून पहिले दोन-तीन महिने स्वतःच्या खिशातून चालवण्याची तयारी हवी. आणि आर्थिक प्रस्ताव वेगळ्या फाइलमध्ये मागितला असेल तर तांत्रिक प्रस्तावात एकही आकडा येऊ देऊ नका. तेवढ्यावरून प्रस्ताव बाद होतात.

तुमची खरी ताकद वेळापत्रकात दिसेल. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शहरातला सल्लागार जानेवारीत वाडीवर जाईल, त्याला म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं भेटतील. तुम्ही लिहा की पाहणी दोन टप्प्यांत होईल, एक पावसाळ्यात वाडीवर आणि एक भट्टीच्या जागेवर. भातलावणीचे आणि गणपतीचे दिवस सोडा. हाच नियम बंदरांवरच्या अभ्यासालाही लागू होतो: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटींवर काम करणारी मुलं शोधायला गेलात तर कुणीच सापडणार नाही आणि अहवालात ‘मुलं आढळली नाहीत’ असं धादांत खोटं चित्र उमटेल.

शेवटी नैतिक परवानगी. पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. परवानगी देणाऱ्या समितीकडून मंजुरी यायला कित्येक आठवडे जातात, ते वेळापत्रकात धरा. मुलाखतीत एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संशोधकालाही. म्हणून ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असं वचन मुलाला देऊच नका. कुणाला कळवाल, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, बालकल्याण समिती, जवळचं पोलीस ठाणं, ही साखळी प्रस्तावात नावानिशी असू द्या. हा परिच्छेद नसलेला प्रस्ताव आमच्या मते निवडूच नये.

एका एजंटाने परदेशात ‘युनिसेफ बालसंगोपन अधिकारी’ म्हणून नोकरी देतो सांगून दीड लाख मागितले आहेत. व्हॉट्सअपवर नेमणूकपत्रही आलं आहे. भरावेत का?
*– एक वाचक, खेड*

एक पैसाही देऊ नका. युनिसेफ भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर शुल्क घेत नाही, अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही. एजंटामार्फत नेमणूकही करत नाही. अर्ज तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच होतो, आणि मुलाखतीशिवाय आलेलं नेमणूकपत्र बनावटच समजा.

आखाती देशांतल्या इतर नोकऱ्यांसाठी नोंदणीकृत भरती एजंट असतात. त्यांची नावं परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतात, आणि सध्याच्या नियमानुसार ते उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी इतकंच सेवाशुल्क घेऊ शकतात. पासपोर्ट किंवा मूळ पदवी कुणाच्या ताब्यात दिली असेल तर आधी परत मागा, संभाषण आणि पत्र जपून ठेवा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर व पोलीस ठाण्यात तक्रार करा.

अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. वय ५९. या वयात अशा संस्थांमध्ये काही करता येईल?
*– एक वाचक, कुडाळ*

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत तुमचं वय आड येत नाही, आणि कुपोषण, लसीकरण, अंगणवाडी प्रशिक्षण यांवर छोट्या मुदतीची प्रशिक्षक-सल्लागाराची कामं निघतात. इंग्रजी अहवालाची अडचण असेल तर तेवढ्यासाठी जोडीदार घ्या.

पण ताई, एक सुचवावंसं वाटतं. बालकल्याण समितीच्या सदस्यत्वाचा जरूर विचार करा. समाजकार्य, समाजशास्त्र, शिक्षण, मानवी विकास, कायदा यांसारख्या विषयातली पदवी आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो आणि वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. मुदत तीन वर्षांची. महिन्यातून किमान २० दिवस बैठक असते, म्हणजे ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जवळजवळ रोजचं जाणं-येणं. बालगृहाच्या व्यवस्थापनात असणाऱ्यांना सदस्य होता येत नाही. महिला व बालविकास विभागाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. गावोगावच्या आया-मुलांना ओळखणारी माणसं या समित्यांना फार हवी आहेत.

एमएसडब्ल्यू झाल्यावर इंग्लंडमध्ये मुलांची सोशल वर्कर म्हणून जाता येतं का?
*– एक वाचक, रत्नागिरी*

येतं, पण तिथे हे नाव कायद्याने राखीव आहे. आधी ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संस्था वेगळ्या आहेत. तुमच्या पदवीत कोणते विषय होते आणि क्षेत्रकार्य किती दिवस व कुणाच्या देखरेखीखाली झालं, याचा विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी तपशील मागतात. गुणपत्रिकेत हे नसतं. कॉलेजकडून अभ्यासक्रमाची प्रत आणि क्षेत्रकार्याच्या तासांचं पत्र, मुंबई विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा अधिकृत उतारा), हे आधी जमवा. पदवी झाल्यावर काही वर्षं दुसरीच नोकरी केली असेल तर ज्ञान अद्ययावत केल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

वृद्धांची किंवा आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या ‘केअर वर्कर’ची नोकरी यापेक्षा अगदी निराळी. जुलै २०२५ पासून परदेशातून त्या जागांसाठी नव्या भरतीचा व्हिसा ब्रिटनने बंद केला आहे. कुणी त्या वाटेने ‘पुढे सोशल वर्कर होता येईल’ म्हणत असेल तर ऐकू नका.

पोलिसांचा दाखला आणि जुन्या नोकरीची चौकशी एवढी कडक का असते?
*– एक वाचक, मालवण*

कारण मुलांना त्रास देणारी माणसं एका संस्थेतून निघून दुसरीत शिरतात. त्यासाठी २०१९ पासून अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकमेकांना उमेदवाराच्या मागच्या पाच वर्षांतल्या गैरवर्तनाची माहिती देण्याची पद्धत सुरू केली आहे, आणि संयुक्त राष्ट्रांचीही स्वतःची नोंदयादी आहे. चौकशी न करता घेणाऱ्या संस्थेत काम धरू नका. पोलीस दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर पडताळणी लांबते, म्हणून निवड होण्याची वाट न पाहता पत्ता आधीच बदलून घ्या. संदर्भासाठी ज्यांची नावं देणार त्यांना आधी फोन करून विचारा आणि त्यांचा संस्थेचा ईमेल घ्या. खासगी ईमेलवरचा संदर्भ बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.