वह्या वाटून झाल्यावर

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली पुण्याची एक विद्यार्थिनी लिहिते: ‘तीन वर्षं दर रविवारी आमचा ग्रुप वस्तीत वह्या, खाऊ वाटतो. मुलं आहेत तिथेच आहेत. मला याच क्षेत्रात काम करायचंय. बाबा म्हणतात, नोकरी कर आणि देणगी दे. शिवाय कॉमर्सवालीचा तिथे काय उपयोग?’

अगं, उपयोगापासूनच सुरू करते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायकांना साड्या वाटणं सोपं होतं. पंचायतीने त्यांची संघटना बांधली, महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळवली. पुढे हिशेबही मांडला गेला: या बायका भंगार वेचतात म्हणून महापालिकेचा किती खर्च वाचतो? मग आरोग्यविमा मागताना हात पसरावा लागला नाही. महापालिकेने तो दिला. २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. तो हिशेब कुणीतरी बसून केला होता. तुझं शिक्षण तिथे लागतं.

वाटपाला मी कमी लेखत नाही. पूर आला की आधी जेवणच न्यावं लागतं. पण बऱ्याच संस्था तिथेच अडकतात, आणि त्यात पैशाचा भाग मोठा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. किती दप्तरं वाटली, हे त्या कंपन्यांना वर्षअखेरीला सांगता येतं. एका आईला सभेत उठून बोलायला दोन वर्षं लागली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून संस्था निवडताना अहवालातले फोटो बघू नकोस. तिथे निर्णय घेताना वस्तीतलं कोण बसतं, ते विचार.

बाबांची काळजी खरी आहे. सुरुवातीचा पगार कमीच असतो, त्यांना तसं स्पष्ट सांग. कर्वे समाज सेवा संस्थेत दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आहे, पण आधी वर्षभर एखाद्या संस्थेच्या हिशेब विभागात पगारी काम कर, असं मी सुचवेन.

आणि येत्या रविवारी मुलांच्या आयांशी बोल. शिक्षण हक्क कायद्यानुसार महापालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत. त्यांच्या शाळेच्या समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, हे त्यांना माहीत आहे का? काय उत्तर मिळालं ते मला कळव.